‘गुंडा’ : कनातीतला आणि घरातला

कांती शाह दिग्दर्शित ‘गुंडा’ (1998) मी प्रथम परभणी जिल्ह्यातील एका जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या कनातीत पाहिला. जागा उशिरा मिळाल्यामुळे पडद्याच्या मागच्या बाजूस बसावे लागले आणि मिथुन चक्रवर्ती रात्रभर डावखुरा दिसला. नुकताच तो घरी, सुलट बाजूने, पुन्हा पाहिला.

या चित्रपटाचे खरे बळ हाणामारीत नसून संवादांत आहे. प्रत्येक खलपात्र कॅमेऱ्यासमोर उभे राहून यमक जुळवीत स्वतःचा परिचय देते, आणि मुकेश ऋषी यांचा बुल्ला तर वगातल्या राजासारखा एकेक ओळ अशी ठासून म्हणतो की, कनातीतले प्रेक्षक ती त्याच्याआधीच पूर्ण करीत होते. शेवटच्या मारामारीतील रिक्षांचा ताफा पाहून आजही हसू आवरत नाही. पैसा कमी असल्याची लाज येथे कोणालाच वाटत नाही, आणि मला तेच आवडते.

दोष मात्र केवळ गरिबीचे नाहीत. दृश्यांचा सांधा जुळत नाही, ठोसा आणि त्याचा आवाज यांची गाठ क्वचितच पडते. हे सोसता येते. परंतु नायकाच्या बहिणीवरील अत्याचार आणि तिची हत्या केवळ सूडाला निमित्त म्हणून वापरली आहे, आणि तेथे कनातीतल्या शिट्ट्या तेव्हाही खटकल्या होत्या. घरी तो भाग मी पुढे सरकवला.