गॅस मार्क 4 म्हणजे नेमकं किती? ओव्हनमध्ये टांगायच्या थर्मामीटरचा माझा अनुभव

माझी आत्या साठच्या दशकात लंडनला नर्स होती. परत फोंड्याला येताना तिने एक जाड वही आणली, तिथल्या शेजारणींकडून उतरवून घेतलेल्या पाककृतींची. वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात अंश कुठेच नाहीत. ‘स्लो ओव्हन’, ‘मॉडरेट ओव्हन’, ‘रेग्युलो 4’, एवढंच. बाथ, म्हणजे आमचा गोव्याचा रवा-नारळाचा केक, आत्याने इथे आल्यावर लिहिला, पण भाषा तीच: ‘रवा-नारळ रात्रभर मुरवणे, मॉडरेट, रेग्युलो 4, पाऊण तास.’

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या स्विंडनहून कायमचा परतलेला मावसभाऊ आपला गॅसचा ओव्हन मला देऊन गेला. एलपीजीसाठी जेट बदलून घेतले. त्याच्या खटक्यावरही 1 ते 9 आकडेच. म्हणजे वही आणि ओव्हन एकाच भाषेत बोलत होते, आणि ती भाषा मला येत नव्हती. पहिला बाथ वरून करपला, मधे कच्चा राहिला. नारळ फुकट गेला याचं फार वाईट वाटलं.

म्हणून थर्मामीटर घेतला. पहिला ऑनलाइन मागवला, स्वस्त होता. महिन्याभरात तबकडीवरचे आकडे तपकिरी होऊन दिसेनासे झाले. दुसरा म्हापशाच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळाला, 480 रुपयांना. स्टीलचा, तबकडी साधारण पेढ्याएवढी नाही, चांगली पुरणपोळीच्या लाटीएवढी, 50 ते 300 सेल्सिअस, आतल्या वर्तुळात फॅरनहाइट. वर हूक, खाली बैठक. हाच गेली दीड वर्षं वापरते आहे आणि याच्याबद्दलच लिहिते आहे.

आधी भाषेचं. पूर्वी ओव्हनला तापमानाचा खटकाच नसायचा. बायका आत हात धरून किंवा चिमूटभर मैदा टाकून तो किती वेळात तांबूस होतो ते बघायच्या. स्लो, मॉडरेट, हॉट हे शब्द त्या काळचे. 1923 साली रॅडिएशन कंपनीच्या न्यू वर्ल्ड ओव्हनवर ‘रेग्युलो’ नावाचा तापमान राखणारा खटका आला. कंपनीचं नाव होतं ते, पण पुस्तकांतून रुळलं. पुढे सगळे ‘गॅस मार्क’ म्हणू लागले. हिशेब सरळ आहे: मार्क 1 म्हणजे 275 फॅरनहाइट, पुढे प्रत्येक आकड्याला 25 वाढवायचे. मार्क 4 म्हणजे 350, सेल्सिअसमध्ये 177, पुस्तकं 180 धरतात. 1 आणि 2 म्हणजे स्लो, 140-150. 4 मॉडरेट. 5-6 त्याहून थोडा कडक, 190-200. 7 हॉट, 220. 8-9 फारच कडक, 230-240. एकाच्याही खाली अर्धा आणि पाव मार्क असतो, 120 आणि 110 च्या आसपास. मेरँग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून केलेला कुरकुरीत गोड पदार्थ, वाळवायला तो लागतो.

आता माझ्या ओव्हनचं. खटका 4 वर ठेवून वीस मिनिटं थांबले. मधल्या जाळीवर काटा 180 वर. वरच्या जाळीवर 200, खालच्या जाळीवर 160! माझा पहिला बाथ वरच्या जाळीवर होता. मार्कचा आकडा ओव्हनच्या मध्यासाठी असतो, गरम हवा वर चढते, हे मला या तबकडीने डोळ्यांनी दाखवलं. तेव्हापासून बाथ मधल्या जाळीवर, नानकटाई खालच्या.

एक गोष्ट खरेदीआधी माहीत हवी. ओव्हन पेटवल्यावर सुरुवातीला काचेवर वाफ धरते आणि काही दिसत नाही. तो थर्मामीटरचा दोष नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ होतेच, आणि आमच्याकडे जुलैत हवा आधीच ओली. ओव्हन तापला की काच आपोआप स्वच्छ होते. काटाही सावकाश चढतो, पंधरा मिनिटं द्यावीच लागतात. आत दोन धातूंची गुंडाळी आहे, एक जास्त प्रसरण पावतो, एक कमी, त्या फरकाने काटा फिरतो. जुना रेग्युलोही दोन धातूंच्या अशाच फरकावर गॅस कमी-जास्त करायचा. हे कळलं तेव्हा आत्याची वही मला एकदम जवळची वाटली.

दार उघडून बघू नका, उष्णता जाते. माझ्या ओव्हनमध्ये दिवा नाही, मी काचेतून टॉर्च मारते. हूक मात्र जरा उथळ आहे. जाळी ओढली की थर्मामीटर खाली पडतो. दोनदा पडला, काच शाबूत राहिली. मी आता तो बैठकीवर उभा ठेवते, ट्रेच्या बाजूला, ट्रेला न चिकटवता.

गेल्या डिसेंबरात आत्याची तांदळाची खीर केली: दूध, मूठभर तांदूळ, साखर, जायफळ, रेग्युलो 2 वर दोन तास. काटा 150 वर स्थिर होता. वर सोनेरी साय धरली, खाली तांदूळ मऊ. आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने पहिल्यांदा साय खाल्ली, कडेने, चमच्याने खरवडून.

म्हापशात घेणार असाल तर दुकानातच हूक एखाद्या सळीला लावून हलवून बघा, आणि आकडे छापलेले नसून कोरलेले आहेत ना, नखाने तपासा.