आधी ‘किल्ला’ पाहावा की ‘विहीर’?

घरात १३-१४ वर्षांचे मूल आहे आणि वयात येण्याविषयीचा, पण शाळकरी प्रेमाच्या पलीकडे पाहणारा एखादा मराठी चित्रपट सर्वांनी मिळून पाहायचा आहे, असे ठरले की ‘विहीर’ आणि ‘किल्ला’ ही नावे हमखास पुढे येतात. आमच्या दादरच्या सोसायटीत मे महिन्यात आम्ही हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या शनिवारी दाखवले. दोन्हींवरचा आक्षेप एकाच शब्दात आला, तो म्हणजे ‘संथ’. मात्र त्या शब्दाआड दोन निरनिराळ्या तक्रारी होत्या आणि निवड करताना नेमका तोच फरक उपयोगी पडतो.

२०१५ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या ‘किल्ला’चे दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही अविनाश अरुण यांचे आहे. वडील गेल्यावर ११ वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. घटना मोजक्याच आहेत, पण सायकलींची शर्यत, कोसळता पाऊस आणि किल्ल्यात एकट्याला मागे ठेवून गेलेले मित्र यांतून त्या मुलाला काय लागले, हे लहान प्रेक्षकालाही कळते. आमच्याकडे मतभेद झाला तो कोकणावरून. गणपतीला गावी जाणारी मंडळी कौले आणि समुद्र पाहून हरखली, तर काहींना दुःख इतके देखणे दाखवणे खटकले. मला तो आक्षेप पटत नाही, कारण चाकरमान्याला जे आपले वाटते तेच चिन्मयला परके आहे, आणि निसर्ग जितका सुंदर दिसतो तितका त्यातला त्याचा एकटेपणा अधिक जाणवतो. अमृता सुभाष यांनी साकारलेली आई स्वतःही त्या गावात आणि त्या कचेरीत नवखीच आहे, त्यामुळे पालकांनाही या कथेत आपली जागा सापडते. २०१४ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला तो मुलांच्या परीक्षक मंडळाकडून, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

‘विहीर’ अधिक अवघड आहे. उमेश कुलकर्णी यांचा हा चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला. समीर आणि नचिकेत ही भावंडे मावशीच्या लग्नासाठी आजोळी भेटतात, आणि नचिकेतच्या मनात सारे सोडून निघून जाण्याचे विचार घोळत असतात. पुढे त्याचा मृत्यू होतो. हे आधीच सांगावे लागते, कारण सर्व मतभेद तिथूनच सुरू होतात. पूर्वार्धातले लपंडाव, नात्यांची गर्दी आणि दुपारच्या गप्पा जवळजवळ सर्वांना आवडल्या. उत्तरार्धात मात्र समीर गेलेल्या भावाचा शोध घेत राहतो आणि कथा घटनांचा आधार सोडून देते. इथे अनेकांचा धीर सुटला; एका शेजाऱ्यांनी तर ‘पुढे काय झाले ते सांगतच नाहीत’ असे स्पष्ट म्हटले. त्यांची तक्रार खोटी नाही. नचिकेत का गेला याचे उत्तर चित्रपट देत नाही, आणि ज्याने कोवळ्या वयात बरोबरीचे माणूस गमावले आहे त्याला हे न मिळणारे उत्तर ओळखीचे वाटते. म्हणूनच माझ्या मते दोहोंतला मोठा चित्रपट ‘विहीर’ आहे, आणि सर्वांसमोर एकदम लावू नये असाही तोच आहे.

त्यामुळे वेगवेगळ्या वयांचे लोक एकत्र बसणार असतील आणि मुलांना अशा चित्रपटांची सवय नसेल, तर ‘किल्ला’ निवडावा. पार्थ भालेरावने साकारलेला चिन्मयचा मित्र बंड्या त्यांना पहिल्या अर्ध्या तासातच आपलेसे करतो. ‘विहीर’ साधारण १५ वर्षांपुढच्या मुलासोबत, दोघा-तिघांनीच आणि फोन बाजूला ठेवून पाहावा. घरात अलीकडेच कोणी गेले असेल, तर पालकांनी तो आधी एकट्याने पाहून मगच मुलाला दाखवायचा की नाही ते ठरवावे, आणि दाखवलाच तर त्या रात्री दुसरे कोणतेही काम ठेवू नये.