वर्गात 'मॅकबेथ' दाखवायचं तर कोणतं? वर्षभराच्या वापरानंतर

इंग्रजी साहित्याच्या वर्गासाठी शेक्सपिअरच्या या नाटकाची चार चित्रित रूपं आलटून पालटून वापरली: रोमन पोलान्स्की (१९७१), ट्रेव्हर नन (१९७९), जस्टिन कर्झेल (२०१५) आणि जोएल कोएन (२०२१). संहिता नेमलेली असेल, तर मुख्य प्रत ननचीच घ्यावी. बाकीच्यांतले तुकडे दाखवावेत, तेही मूळ प्रवेश वाचून झाल्यावर.

ननचं रूप म्हणजे रॉयल शेक्सपिअर कंपनीचा १९७६चा प्रयोग, जो पुढे टीव्हीसाठी चित्रित झाला. मॅकबेथ इयन मॅकेलन आणि लेडी मॅकबेथ जूडी डेंच. काळी पार्श्वभूमी, जमिनीवर एक वर्तुळ, मोजकं सामान, आणि कॅमेरा चेहऱ्याला चिकटलेला. किल्ला नाही, घोडे नाहीत. पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळतात, हे धरून चालावं. दुसऱ्या अंकातल्या खुनानंतरच्या प्रवेशात मात्र वर्ग चिडीचूप होतो. 'केव्हा?' 'आत्ता.' 'उतरताना?' अशी एकेका शब्दाची कुजबुज पुस्तकात वाचताना कोरडी वाटते. इथे दोघांचा श्वास ऐकू येतो, आणि त्या ओळी इतक्या तुटक का आहेत हे वेगळं समजावावं लागत नाही.

बाकीच्या तिघांची अडचण उत्तरपत्रिकेत कळते. मूळ नाटकात मॅकबेथ करतो तो डंकन राजाचा खून रंगमंचावर घडत नाही. या तिन्ही चित्रपटांत तो दिसतो. पोलान्स्कीकडे तर डंकन जागा होतो, आणि मुलं तेच परीक्षेत लिहितात. बर्नामचं जंगल डन्सिनेनवर, म्हणजे मॅकबेथच्या किल्ल्यावर, चालून येईपर्यंत तो हरणार नाही अशी भविष्यवाणी नाटकात आहे. कर्झेलकडे ते जंगल पेटतं आणि त्याची राख डन्सिनेनवर उडत येते. दृश्य विलक्षण आहे, पण फांद्या तोडून हातात घेतलेले सैनिक त्यात नाहीत, त्यामुळे भविष्यवाणी खरी कशी झाली या प्रश्नाचं उत्तर चुकतं. द्वारपालाचा प्रवेशही त्यात गाळला आहे. शिवाय पोलान्स्कीत नग्नता आणि बरीच हिंसा आहे, तेव्हा अकरावी-बारावीला तो अख्खा लावू नये.

तुलनेला मात्र ही रूपं फार कामाची. खुनाआधीचं मॅकबेथचं खंजिराचं स्वगत घ्या. पोलान्स्की हवेत तरंगणारा खंजीर दाखवतो, कोएनकडे दाराची मूठ खंजिरासारखी चमकते, ननकडे काहीच दिसत नाही. तीन तुकडे सलग दाखवून एकच प्रश्न विचारावा: खंजीर कोणाला दिसतो आहे? मेजवानीचा प्रवेशही असाच लावावा, पण इथे ननच्या प्रतीबद्दल एक सावधगिरी हवी. मॅकबेथने मारवलेल्या त्याच्या मित्राचं, बँकोचं, भूत ननने दाखवलेलंच नाही, मॅकेलन रिकाम्या जागेकडे बघून थरथरतो. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत, भूत येऊन मॅकबेथच्या जागी बसतं अशी स्पष्ट रंगसूचना आहे. ती आधी वाचून घेतली नाही, तर दिग्दर्शकाचा निर्णय मुलं शेक्सपिअरचाच समजतात.

आता यंत्राचं. ननचं चित्रण जुन्या टीव्हीच्या चार-तीन प्रमाणातलं आहे. प्रोजेक्टर ते ताणून पडदाभर करतो आणि चेहरे बसके दिसतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ए हे बटण दाबत चार-तीनवर आणावं. व्हीनं सबटायटल चालू-बंद होतात, कंट्रोल आणि टीनं हव्या त्या मिनिटाला जाता येतं. प्रवेशांच्या वेळा आदल्या दिवशीच कागदावर टिपून ठेवाव्यात. अंधार पुरेसा नसेल तर ननचा आणि कोएनचा दोन्ही वाया जातात, कारण एकात काळं जास्त आणि दुसरा पूर्ण कृष्णधवल. खिडक्यांना पडदे नसतील तर प्रोजेक्टरपेक्षा मोठा टीव्ही बरा. आवाजासाठी वेगळा स्पीकर हवाच, प्रोजेक्टरच्या अंगच्या स्पीकरवर कुजबुज पोचत नाही.

ननचं रूप सुमारे अडीच तासांचं आहे. ते सलग दाखवू नये. एका तासिकेत एकच प्रवेश: आधी वाचन, मग सबटायटलसह, मग सबटायटलशिवाय. इंग्रजीचा वेग ज्यांना झेपत नाही त्यांना शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधला त्याच प्रसंगाचा भाग आधी वाचायला द्यावा. ते रूपांतर आहे, ओळीला ओळ जुळणार नाही, पण प्रसंगाचा ताण मराठीत आधीच अंगात भिनलेला असतो.

सबटायटलशिवायची फेरी वेळ नाही म्हणून गाळली जाते. निदान पाचव्या अंकातल्या लेडी मॅकबेथच्या झोपेत चालण्याच्या प्रवेशाला तरी ती गाळू नये. पुस्तकात तिथे नुसतं 'ओ, ओ, ओ' छापलेलं आहे, आणि मुलांची नजर त्यावरून घसरून पुढे जाते. जूडी डेंच त्या तीन अक्षरांतून एक लांब, बारीक, न संपणारा आवाज काढते. तो संपला की तिथेच थांबवावं आणि वैद्याची पुढची ओळ, काय हा निःश्वास, काळीज किती भारावलंय, वर्गातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावी.