थायरॉइड जास्त आहे: गोळ्या, आयोडीन की ऑपरेशन?

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) तळाला, टी-३ टी-४ (थायरॉइडची स्वतःची हार्मोनं) वर, आणि डॉक्टरांनी गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन आणि ऑपरेशन असे तीन पर्याय सांगून "विचार करून कळवा" म्हटलंय. या टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिन्ही उपचार जुने आणि पारखलेले आहेत, म्हणूनच निवड अवघड जाते. मी यातून गेलो आहे. मी डॉक्टर नाही, नाशिकला शाळेत शिकवतो. माझा निर्णय कुठल्या आकड्यावर झाला नाही, घशावर झाला. ते कसं, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक. आजार ग्रेव्हजच आहे, म्हणजे शरीराचीच प्रतिपिंडं थायरॉइडला जास्त हार्मोन बनवायला लावतायत, याची खात्री झालेली असू द्या. थायरॉइडला सूज येऊन साठलेलं हार्मोन रक्तात सांडलं, तरी रिपोर्ट असाच दिसतो. ते प्रकरण बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरतं, त्याला या तिन्हींपैकी काहीच लागत नाही. उलट एखादी गाठच स्वतंत्रपणे हार्मोन बनवत असेल, तर गोळ्यांनी रिपोर्ट सुधारतो पण गोळ्या थांबवल्या की दुखणं परत येतं. तिथे आयोडीन किंवा ऑपरेशन हेच खरे पर्याय. टीआरएबी (त्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) केली नसेल किंवा काही शंका असेल तर थायरॉइड स्कॅनबद्दल विचारा. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्याने हे रिपोर्ट खोटे येऊ शकतात.

आता गोळ्या. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात कार्बिमाझोलनेच होते, आणि ती योग्यच आहे असं मला वाटतं. पहिले काही आठवडे मात्र धीर लागतो. गोळी नवं हार्मोन बनणं थांबवते, आधी बनून ग्रंथीत साठलेलं तसंच राहतं. लागवड थांबली तरी चाळीतला कांदा संपेपर्यंत बाजारात येतच राहतो, तसं. तोपर्यंत धडधड आणि हातांची थरथर आवरायला प्रोप्रॅनोलॉल देतात (दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा). निफाडचा घसरलेला पारा पेपरच्या पहिल्या पानावर येतो त्या दिवसांतही मी पंखा लावून झोपत होतो. गोळ्यांनी ते थांबलं, वजन परत आलं, फळ्यावर अक्षर सरळ येऊ लागलं. गोळ्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा. त्यानंतर गोळ्या थांबवल्या की ढोबळमानाने निम्म्या लोकांचा आजार परत येतो, बहुतेकांचा पहिल्या वर्षातच. ग्रंथी फार मोठी असेल, टीआरएबी शेवटपर्यंत वरच राहिली असेल, तंबाखू-सिगारेट चालू असेल तर शक्यता वाढते. माझा परत आला.

मग डॉक्टर म्हणाले, कमी डोसवर वर्षानुवर्षं राहता येतं, अनेक जण राहतात. हे खरं आहे आणि हा पर्याय कमी लेखण्यासारखा नाही. ५ मिलिग्रॅमवर कित्येक वर्षं सुखाने असलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण मला ते जमणार नव्हतं, कारण माझा घसा.

कार्बिमाझोल घेणाऱ्या प्रत्येकाला एक सूचना मिळते. ताप आला किंवा घसा जोरात दुखायला लागला, तर गोळी थांबवा आणि लगेच सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी) करा. हजारात दोन-चार जणांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम कोसळतात. असं झालं आणि वेळेत कळलं नाही तर ते जिवावर बेततं. बहुतेकदा हे पहिल्या तीन महिन्यांत होतं, नंतरही होऊ शकतं. एखाद्या दिवसात घडत असल्यामुळे मागच्या महिन्याचा चांगला सीबीसी आजची हमी देत नाही. सूचना अगदी बरोबर आहे, आणि ती कुणीही टाळू नये.

आता हीच सूचना एका शिक्षकाच्या आयुष्यात ठेवून बघा. साठ-साठ मुलांचे वर्ग, सलग तास, खडूची धूळ, पहिल्या बाकावर कायम कुणीतरी शिंकतंय. जूनमध्ये शाळा उघडली की घसा बसतो, पावसाळाभर सर्दी, दिवाळीनंतर थंडी पडली की पुन्हा. एरवी मी मिठाच्या गुळण्या करून वर्गावर गेलो असतो. गोळ्या चालू असताना मात्र दरवेळी तोच प्रश्न: हा नेहमीचा घसा की तो घसा? शनिवारी रात्री खवखव सुरू झाली की उद्याची गोळी घ्यायची की नाही? रविवारी गंगापूर रोडला कुठली लॅब उघडी असेल? रिपोर्ट येईपर्यंत गोळी बंद, म्हणजे तेवढे दिवस हार्मोन मोकळं. रिपोर्ट नॉर्मल आला की हायसं वाटायचं, पण आधीचा नॉर्मल रिपोर्ट पुढच्या घशाला लागू होत नाही. पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

माझ्या पेशी कधीच पडल्या नाहीत. औषधाने मला काहीही अपाय केला नाही. तरी हा घोर इतका साचत गेला की बायको मला खोकताना ऐकूनच फोनमध्ये लॅबचा नंबर शोधायला लागायची. ज्याचं काम बोलण्याचं नाही, ज्याला वर्षाकाठी एखादीच सर्दी होते, त्याला याचं काहीच वाटणार नाही. त्याच्यासाठी कमी डोसच्या गोळ्या हाच उत्तम मार्ग असू शकतो. मला आयुष्यभर प्रत्येक खवखवीची चौकशी करत जगायचं नव्हतं.

ऑपरेशनबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण मी त्यात गेलो नाही. फायदा सरळ आहे: ग्रंथी निघाली की आजार संपला, वाट बघणं नाही. गळ्यावर मोठी गाठ दिसत असेल, गाठीत कर्करोगाची शंका असेल, डोळ्यांना जास्त त्रास असेल किंवा लवकर मूल हवं असेल तर ऑपरेशन पुढे येतं. आधी गोळ्यांनी हार्मोन आटोक्यात आणावं लागतं, शेवटचे काही दिवस साध्या आयोडीनचे थेंबही देतात. ओळखीतल्या एका बाईंचं झालं. त्यांच्या ओठांना आणि बोटांना काही आठवडे मुंग्या यायच्या, कॅल्शियम घ्यावं लागलं, नंतर ठीक झालं. ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या की असं होतं, बहुतेकांचं तात्पुरतं, थोड्यांचं कायमचं. सर्जनला सरळ विचारा, वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशनं करता? वर्षाला पंचविसाहून जास्त करणाऱ्याच्या हातून गुंतागुंत कमी होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. यात संकोच करू नका.

मी नाही म्हणालो ते आवाजासाठी. स्वरयंत्राच्या नसा ग्रंथीला लागूनच जातात. अनुभवी हातात आवाज कायमचा बसण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. दुसरी एक बारीक नस आहे, ती दुखावली तर बोलणं नीट राहतं पण वरचा सूर आणि लांबवर हाक मारायची ताकद जाते. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हीच माझी भाकरी. शंभरात एक हा धोका बहुतेकांना छोटा वाटेल, आणि तो छोटाच आहे. मला मोठा वाटला.

राहिलं किरणोत्सारी आयोडीन. नावानेच माणूस दचकतो. माझी आई तर "अणुबॉम्बचं औषध" म्हणून रडली होती. पण हा उपचार बोस्टनमध्ये १९४१ साली पहिल्यांदा दिला गेला, म्हणजे ८० वर्षांहून जास्त अनुभव मागे आहे. आपल्या मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. आयोडीन-१३१ शरीरात गेलं की थायरॉइड ते ओढून घेते, कारण आयोडीन हेच तिचं खाद्य, आणि किरण जेमतेम दोन मिलिमीटर जाऊन तिथल्या पेशी निकामी करतात. कर्करोगाचा धोका शून्य आहे असं कुणी म्हणत नाही, पण असलाच तर फार थोडा, असं मला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं. आईला समजवायला तेवढं पुरलं.

प्रत्यक्ष डोस म्हणजे एक कॅप्सूल आणि वर पाणी. बाकी सगळी तयारीच. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे ते साठवून ठेवत नाहीत, तुमच्या तारखेप्रमाणे मागवतात. तारीख घेतली की बदलायची नाही. काही दिवस आधी कार्बिमाझोल थांबवतात, जेवणातलं आयोडीन कमी करायला सांगतात. घसेकऱ्यांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट: बीटाडीनच्या गुळण्या बंद. त्यात आयोडीनच असतं, ग्रंथी आधीच भरली तर औषध आत जायला जागा उरत नाही. हल्लीच कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झालं असेल तर तेही सांगा.

मी दिवाळीची सुट्टी धरली. भाऊबीज झाली, मुलगा आईबरोबर येवल्याला आजोळी गेला, आणि मी मुंबईला. परत येताना पंचवटी एक्सप्रेसची गर्दी टाळायची होती, म्हणून गाडी केली आणि ड्रायव्हरपासून तिरक्या, मागच्या कोपऱ्यात बसून कसारा घाट चढलो. घरी वेगळी खोली, वेगळं अंथरूण, संडासात दोनदा फ्लश, भरपूर पाणी. मोठ्या माणसांपासून थोडे दिवस हातभर लांब, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून त्याहून जास्त दिवस. नेमके किती, ते डोसवर ठरतं आणि लेखी देतात. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे आणि खोली एकच आहे, त्यांच्यासाठी हा भाग खरोखर कठीण आहे. मी तसा असतो तर वेगळं ठरवलं असतं.

गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे आयोडीन अजिबात चालत नाही, आणि नंतरही सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. पुरुषांनाही काही महिने थांबायला सांगतात. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, तेव्हा ही अट अनेक घरांत निकालच लावते. वर्षभरात मूल हवं असेल तर गोळ्या किंवा ऑपरेशन. दिवस राहतील असं दिसलं की कार्बिमाझोलबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला, पहिल्या तीन महिन्यांसाठी गोळी बदलतात. डोळे बाहेर आल्यासारखे, लाल, दुखरे असतील तर आयोडीनने ते वाढू शकतात, तंबाखू ओढणाऱ्यांचे जास्तच. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

परिणाम दिसायला वेळ लागतो, सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत. सुरुवातीला हार्मोन उलट वर जाऊ शकतं, म्हणून प्रोप्रॅनोलॉल चालू होती. काहींना दुसरा डोस लागतो, मला लागला नाही. पुढे थायरॉइड जास्तवरून कमीवर गेली. ते होणारच होतं, बहुतेकांचं होतं. ते मधले आठवडे जड गेले. सकाळी उठवेना, चेहरा सुजल्यासारखा, आणि ज्या माणसाला जानेवारीत पंखा लागायचा त्याला आता दुपारीही स्वेटर. टीएसएच या काळात मागे रेंगाळते, तेव्हा टी-४ सुद्धा करून घ्या म्हणजे थायरॉक्सिनची गोळी वेळेत सुरू होईल.

लोक इथेच अडतात: "एक दुखणं घालवून आयुष्यभराची गोळी कशाला लावून घ्यायची?" मीही पुष्कळ विचार केला. पण थायरॉक्सिन ही गोळी कार्बिमाझोलसारखी नाही. शरीरात कमी पडलेलं हार्मोनच ते, तितकंच भरून द्यायचं. पहाटे उपाशीपोटी गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तास लांब. डोस बसला की रक्त वर्षातून एक-दोनदाच. घसा दुखला तर घसा दुखला, त्याचा गोळीशी संबंध नाही. ऑपरेशन करून संपूर्ण ग्रंथी काढली तरी हीच गोळी लागते.

माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल. तरी मी कुणालाही पहिल्या दिवशी आयोडीन घ्या म्हणणार नाही. आधी गोळ्यांचा एक कोर्स पूर्ण करा, निम्म्या लोकांचं तेवढ्यावर भागतं. परत आला आणि डोळे ठीक असतील, मूल होण्याचा प्रश्न नसेल, घरात थोडे दिवस वेगळं राहायची सोय असेल, तर आयोडीनचा विचार मनापासून करा. तारीख सुट्टीच्या तोंडावर घ्या, आणि भरती व्हावं लागत नसेल तर मेडिक्लेम मिळतो का ते आधी लेखी विचारून ठेवा.