सीलबंद हार्ड डिस्क म्हणून घेतल्या, 27 हजार तास वापरलेल्या निघाल्या

हे लिहायला मला सात महिने लागले. आधी रागाने लिहवेना, मग लाजेने. कॉम्प्युटर, ॲम्प्लिफायर, स्पीकर हा माझा पंचवीस वर्षांचा नाद आहे. नात्यात कोणाला लॅपटॉप घ्यायचा असला की आधी मला फोन येतो. आणि मीच जुन्या डिस्क नव्या समजून घरी घेऊन आलो. एक नाही, दोन. 11,500 प्रमाणे 23,000 रुपये, तेही रोख.

काय गेलं ते आधी सांगतो, कारण पोलीस ठाण्यात ते कोणालाच कळलं नाही.

बाबांना गाण्याचं वेड होतं. कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, देवासला राहायचे, म्हणजे आम्हा इंदूरवाल्यांपासून तासाभराच्या अंतरावर. बाबा कुठल्याही बैठकीला निघाले की खांद्याला टेपरेकॉर्डर असायचाच. घरातलंही त्यांनी काही सोडलं नाही. माझ्या मुंजीतली मंगलाष्टकं, आत्याच्या केळवणातला गोंधळ, आणि आजीची करुणाष्टकं. सी-60 आणि सी-90 मिळून 214 कॅसेट होत्या, प्रत्येकीच्या कडेवर निळ्या शाईत तारीख.

2001 साली पहिला असेंबल्ड पीसी घेतला, 20 जीबीची डिस्क. तेव्हा टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लाइन-इनला जोडली आणि 128 केबीपीएसच्या एमपी3 केल्या. ऐकायला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या. 2016 पासून सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. चांगला डेक दुरुस्त करून घेतला, डेकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतला आणि 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर भरायला बसलो. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की प्रत्येक कॅसेटला टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू कानाने जुळवावा लागतो. ती टेप ज्या मशिनवर भरली त्याच्या हेडचा कोन आपल्या डेकशी जुळत नाही, आणि मग आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. बारीक स्क्रूड्रायव्हरने पाव फेऱ्याहून कमी फिरवायचं. आजीच्या कॅसेटला मी तसं फिरवलं आणि ‘अनुदिनि अनुतापे’ मधला ‘दि’ एकदम लख्ख झाला. मागे स्वयंपाकघरात पितळी भांडं ठेवल्याचा आवाजसुद्धा आला. चार वर्षं रोज रात्री जेवणानंतर मी हेच करत होतो.

अशा फाइलला तासाला साधारण दोन जीबी जागा लागते. त्यात घरातल्या लग्नांच्या व्हिडिओच्या मिनीडीव्ही टेप, त्या तासाला 13 जीबी. शिवाय फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता, काढलेल्या माझ्या सगळ्या सीडी. जुनी 2 टीबीची डिस्क गच्च भरली. म्हणून घरच्या सर्व्हरमध्ये 8 टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या लावायच्या ठरवल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळं तसंच राहील. बाहेर त्या डिस्कचा भाव 19 हजारांच्या वर चालला होता.

एका परिचिताने एक ‘होलसेलवाला’ सुचवला. दुकान नव्हतं, पहिल्या मजल्यावरची एक खोली, भिंतीला खोकी लावलेली. मुलगा तिशीतला, आपल्यातलाच, मराठी बोलणारा. “काका, तुम्ही माझ्या बाबांसारखे, तुम्हाला चुकीचा माल देईन का?” या वाक्यावर मी विश्वास ठेवला. इंदूरात बाजारात आपल्या भाषेत बोलणारा भेटला की माणूस सैल पडतो, मीही पडलो.

तारीख 17 ऑगस्ट 2024. त्याने अँटिस्टॅटिक पिशवी माझ्यासमोर कापली आणि डिस्क हातात दिली. माझा अंगठा कडेच्या स्क्रूच्या भोकावर होता. भोकाच्या आतले आटे चकचकीत खरवडलेले होते, जिथे कोणीतरी स्क्रू घट्ट आवळला असेल तिथेच असे होतात. मी ते पाहिलं. डिस्क उलटी केली, वायर जोडायच्या साटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक उभ्या रेघा होत्या. त्याही पाहिल्या. मी विचारलं, “ही लावलेली होती का?” तो म्हणाला, “टेस्टिंग करूनच देतो काका, डेड पीस तुमच्या गळ्यात कसा मारू?” आणि मी मान हलवली. त्याच क्षणी मी डिस्क टेबलावर ठेवून जिना उतरायला हवा होता. गेले सात महिने माझा अंगठा त्या भोकावरून हललेला नाही.

टेस्टिंगसाठी कोणी कडेचे चारही स्क्रू आवळत नाही. वायर लावतात, तपासतात, काढतात. स्क्रू आवळलेली डिस्क म्हणजे कुठल्या तरी रॅकमध्ये बसवलेली डिस्क.

मी अगदीच डोळे मिटून घेतली असं कोणी समजू नये. त्याच्याच लॅपटॉपवर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, नोंद पाहिली, दोन्ही डिस्कवर एकूण चालू तास 2. खराब सेक्टर शून्य. घरी येऊन कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला, तर तिथे आलं की हा माल सुटा भाग म्हणून विकला आहे, वॉरंटीसाठी विक्रेत्याकडे जा. व्हॉट्सॲपवर त्याला विचारलं, उत्तर आलं, “ओईएम माल आहे काका, म्हणूनच स्वस्त.” ओईएम, म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांसाठीचा माल, खरंच असतो आणि स्वस्तही मिळतो. यात मी वेडेपणा काय केला? स्मार्टचे आकडे पुसता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

वेडेपणा केला तो बिलात, हे मात्र कबूल. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वर, म्हणजे 4,140 रुपये जास्त. मी म्हटलं राहू दे. त्याने कोऱ्या चिठ्ठीवर ‘2 पीस 8 टीबी’ आणि रक्कम लिहून दिली. ना सही, ना शिक्का, ना सीरियल नंबर. ज्यांच्या बिलावर सीरियल नंबर नाही त्यांनी आजच जाऊन मागून घ्यावा, उद्यावर टाकू नये.

महिनाभरात सगळं नव्या डिस्कवर गेलं, दोनदा पडताळून पाहिलं. जुनी 2 टीबीची डिस्क पुसून भाच्याला दिली. कॅसेटचं म्हणाल तर आत्याच्या तिला परत केल्या होत्या, त्या तिच्या घरी रद्दीत गेल्या. आमच्याकडच्या बऱ्याचशांना बुरशी लागली होती, सौ.ला दम्याचा त्रास, म्हणून त्या मीच टाकल्या. नीट भरून झाल्या होत्या, दोन ठिकाणी होत्या, घरात बुरशी कशाला ठेवायची? कोणीही हेच केलं असतं. पण दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. तिसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा, भावाकडे, मुलीकडे, कुठेही.

23 जानेवारी 2025 ला रात्री पहिल्या डिस्कने टक-टक सुरू केली. सकाळी ती ओळखेनाशी झाली. मी तरीही शांत होतो, दुसरी होती ना. उसनी डिस्क आणून लावली, सर्व्हर दुसरीवरून सगळं वाचून नवी प्रत करू लागला, आणि अकराव्या दिवशी, 3 फेब्रुवारीला, दुसरीही गेली. एकाच वयाच्या, एकाच ठिकाणी झिजलेल्या डिस्क एकदमच थकतात, आणि प्रत उभी करताना उरलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण येतो. म्हणून आरसा करायचा असेल तर दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून, वेगळ्या महिन्यांत घ्या.

त्याच आठवड्यात वाचलं की युरोपातही अशाच डिस्क सापडल्या आहेत. हजारो तास चाललेल्या, स्मार्ट पुसून नव्या म्हणून विकलेल्या. 2021 साली चिया नावाचं डिजिटल चलन डिस्कवरच्या जागेच्या जोरावर कमावण्यासाठी लोकांनी डिस्कच्या थप्प्या लावल्या होत्या, त्यातलाच माल असावा असा बोलबाला होता. तिथेच कळलं की या जातीच्या डिस्कमध्ये स्मार्टखेरीज ‘फार्म’ नावाची आणखी एक आतली नोंद असते. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. दुसरी डिस्क अधूनमधून दहा मिनिटं जागी व्हायची, तेवढ्यात मी ती नोंद काढली. 27,614 तास. म्हणजे माझ्याकडचे पाच-साडेपाच महिने वजा केले तरी, माझ्याकडे यायच्या आधी ती कुठेतरी अडीच वर्षांहून जास्त अखंड फिरत होती. त्या रात्री मी जेवलो नाही.

डेटा परत काढणाऱ्याने तपासणीचे 2,500 घेतले, जाण्यायेण्याचं कुरियर 640. उत्तर आलं, हेड बदलावे लागतील, एका डिस्कचे 38,000, मिळेलच याची हमी नाही.

विक्रेत्याने पहिल्या फोनवर सांगितलं, “काका, पाच महिने चालली ना?” दुसरा फोन उचलला नाही. तिसऱ्या वेळी मी जिना चढून गेलो तर खोलीला कुलूप, खालचा चहावाला म्हणाला की ते केव्हाच सोडून गेले.

मग ठाणं. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसवून ठेवलं. नंतर साहेब म्हणाले, “अंकल, मशीन है, खराब तो होती ही है.” मी फार्मची नोंद छापून नेली होती, त्यांनी कागद सरळ धरूनही पाहिला नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर “बाद में”. दुसऱ्या वेळी दुसरे साहेब, त्यांना पक्कं बिल हवं होतं. नाही म्हटल्यावर उलट मलाच दरडावलं, की बिनबिलाचा माल घेता आणि तक्रार घेऊन येता? तिसऱ्या वेळी सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथे म्हणाले पैसे रोख दिले, ऑनलाइन काही घडलंच नाही, ठाण्यात जा. पुन्हा ठाणं. “ये सिविल मैटर है.” शेवटी एका शिपायाने विचारलं, त्यात होतं तरी काय? मी म्हटलं, घरची गाणी, आजीचा आवाज. तो म्हणाला, “गाने तो यूट्यूब पर मिल जाएँगे.”

मी काही बोललो नाही, बोलताच आलं नाही. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावताना हात थरथरत होता.

ऑनलाइन तक्रारही केली. नऊ दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. मला एकही फोन आला नाही. कोणाचं समाधान झालं? जुना माल नवा सांगून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? आधी 420 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 318 आहे, शब्द बदलले, गुन्हा तोच. पण नोंदवायचाच नाही म्हटल्यावर कलम कुठलंही असो. ठाण्याने नाही म्हटलं तर अर्ज वरिष्ठांना पोस्टाने पाठवता येतो, हे मला एका वकील मित्राने सांगितलं, ठाण्यातल्या एकानेही नाही. मी पाठवला. पोच आली, उत्तर नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. मी तिथे तक्रार केली, शपथपत्रासाठी 350 गेले. चिठ्ठीवरच्या अक्षराच्या जोडीला व्हॉट्सॲपचा ‘ओईएम माल’ हा मेसेज लावला आहे. तो पुसला नाही हे एकच शहाणपणाचं काम माझ्या हातून झालं. कोणाशीही असा व्यवहार करताना बोलणं फोनवर करू नका, लिहून घ्या. आणि डिस्क घेताना पिशवी कापायच्या आधी पैसे देऊ नका, कापल्यावर सर्वात आधी स्क्रूची भोकं बघा. कोणी कितीही मराठीत बोललं तरी.

एकूण गेले 26,490. नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन एकदा परत आली आहे, आता त्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवतो आहोत. दोन्ही डिस्क पुराव्यासाठी त्याच कापलेल्या पिशव्यांत ठेवल्या आहेत. जुन्या पत्र्याच्या आवाजातल्या चाळीसेक एमपी3 माझ्या फोनवर सापडल्या, आजीची त्यात नाही. बाबांनी काही कॅसेटच्या प्रती देवास, उज्जैन, धारच्या ओळखीच्यांना करून दिल्या होत्या. कोणाच्या माळ्यावर निळ्या शाईत तारीख घातलेली कॅसेट असेल, बुरशी लागलेली असली तरी, टाकू नका, मला कळवा. डेक अजून चालू आहे.