पॅनेल लाइन कापायच्या तीन रीती: एक्स्ट्रूड, स्वीप आणि गाभा

कॉम्प्युटरवरच्या सॉलिड मॉडेलिंगमध्ये पॅनेल लाइन, म्हणजे पृष्ठभागावरची सांध्यासारखी बारीक खाच, कशी कापावी, असं वडोदऱ्याच्या कलाभवनातली (इंजिनीअरिंग कॉलेजातली) मुलं विचारतात तेव्हा मी आधी एकच गोष्ट विचारतो: हा पार्ट बनणार कशावर? कुणी रेझिन प्रिंटरवर सी-२९५ या मालवाहू विमानाचं मॉडेल काढणार असतो, तर कुणाला मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) मोल्डवाल्याकडे प्लॅस्टिकची केसिंग द्यायची असते. स्क्रीनवर दोन्हीकडे तीच बारीक रेघ दिसते, पण रीत वेगळी निवडावी लागते.

आधी विमानाचं बघू. हवाई दलाच्या ५६ सी-२९५ पैकी ४० आपल्या वडोदऱ्यात बनायची आहेत, त्यामुळे ते मॉडेल करायची इच्छा इथल्या मुलांना होणारच. १:७२ प्रमाणात पंखांची लांबी साधारण ३५.८ सेंटिमीटर येते. या प्रमाणात ०.२ मिमीची खाच म्हणजे खऱ्या विमानावर १४.४ मिमीची फट. पत्र्याच्या सांध्यात एवढी फट नसते, तरी मॉडेलवर ०.२ घ्या. त्याहून बारीक खाच प्रायमर आणि रंगाखाली बुजते. ०.४ मिमी नोझलच्या फिलामेंट प्रिंटरवर मात्र ही खाच नीट उतरत नाही. तिथे ०.५ च्या खाली जाऊ नका.

एक्स्ट्रूड कट सगळ्यांना येतो. वरच्या प्लेनवर ०.२ अंतराने दोन समांतर रेषा काढायच्या आणि सरळ खाली कापायचं. सपाट भागावर याच्याइतकं सोपं काही नाही, पण गोल धडावर घात होतो. विमानाच्या लांबीने जाणारी रेघ माथ्यावर ०.२ राहते. पृष्ठभाग ६० अंशांनी कलला की तीच ०.४ होते आणि ८० अंशांपाशी एक मिलिमीटरच्याही पुढे जाते, कारण रुंदीला कलाच्या कोसाइनने भागलं जातं. शिवाय खाचेच्या भिंती तिरक्या येतात. मात्र धडाला वेढा घालणारी आडवी रेघ उताराच्याच दिशेने जाते, म्हणून तिची रुंदी बदलत नाही. तेव्हा धडाच्या सरळ भागावरच्या अशा वेढ्यांसाठी एक्स्ट्रूड बिनधास्त वापरा. लांबीच्या रेघांसाठी नको.

स्वीपमध्ये रेघ पृष्ठभागावर प्रोजेक्ट करून तिच्यावरून प्रोफाइल, म्हणजे खाचेच्या छेदाचा आकार, फिरवायचं असतं. नाक आणि शेपटी दोन्ही दिशांनी वळलेली आहेत. तिथे चौकोनी प्रोफाइल वाटेत पिळतं, आणि खाचेचा एक काठ खोल तर दुसरा उथळ राहतो. फ्यूजन या सॉफ्टवेअरमध्ये गाइड सरफेस (प्रोफाइलला दिशा देणारा पृष्ठभाग) दिला की पीळ जातो. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गोल प्रोफाइल घेतलं की पिळाचा प्रश्नच उरत नाही, कारण वर्तुळ कसंही फिरलं तरी वर्तुळच. अट एवढीच की रेघेच्या वळणाची त्रिज्या वर्तुळाच्या त्रिज्येपेक्षा मोठी हवी, नाहीतर स्वीप स्वतःलाच छेदतो आणि फीचर लाल होतं. सहा-सात रेघांपर्यंत स्वीप बरा. चाळीस रेघा झाल्या की फीचर ट्री (केलेल्या क्रियांची यादी) लांबलचक होते. मग धडाचा आकार थोडा बदलला तरी अर्ध्या रेघा आपला फेस (पृष्ठभागाचा तुकडा) शोधत बसतात.

लहान प्रमाणातल्या मॉडेलसाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती गाभ्याची रीत. बॉडीची कॉपी घ्यायची आणि तिचे सगळे फेस ०.२ आत ऑफसेट करायचे. हा झाला गाभा. मूळ बॉडीवर स्प्लिट लाइनने (फेस विभागणाऱ्या आज्ञेने) रेघा पाडायच्या आणि त्या कडांवरून पृष्ठभागाला काटकोनात रूल्ड सरफेस, म्हणजे बिनजाडीची पट्टी, उभा करायचा. तो दोन्ही बाजूंना ०.१ ने थिकन (जाड) केला की ०.२ जाडीची पट्टी मिळते. बाहेरच्या बॉडीतून सगळ्या पट्ट्या एकदम वजा करा आणि गाभा परत जोडा. पट्टी कितीही आत गेली तरी गाभा तिथलं भरून काढतो, म्हणून खोली सगळीकडे ०.२ च. खरा फायदा दोन रेघा इंग्रजी टीसारख्या मिळतात तिथे दिसतो. स्वीपमध्ये त्या जागी टोक किंचित पुढे गेलं की पलीकडे ओरखडा, मागे राहिलं की पातळ पडदा. इथे दोन पट्ट्या एकमेकींत घुसतात आणि तळ एकसंध येतो. रेघेच्या कोपऱ्याला मात्र ०.३ ची त्रिज्या द्या, कारण धारदार कोपऱ्यावर थिकन अडतं. पंखांच्या मागच्या कडेलाही जपा: तिथे जाडीच ०.४ च्या आसपास असली तर ऑफसेट केलेला गाभा उरतच नाही. रेघा कडेच्या थोड्या अलीकडे थांबवा.

डीबॉसची (आकार पृष्ठभागात दाबायची) आज्ञा नळकांड्यावर छान चालते. दुहेरी वळणावर तिच्या नादी लागू नका.

आता केसिंग. इथे गाभा आणि स्वीप दोन्ही बाजूला ठेवा. बाजूच्या भिंतीवर काटकोनात कापलेली आडवी खाच म्हणजे अंडरकट, साच्यात अडकणारी जागा. पार्ट डायमधून (साच्यातून) सुटायला साइड कोअर, म्हणजे बाजूला सरकणारा साच्याचा तुकडा, लागेल आणि डायचा खर्च वाढेल. डाय उघडण्याच्या दिशेने, ड्राफ्ट (भिंतींना किंचित उतार) देऊन केलेला साधा एक्स्ट्रूड कट इथे योग्य. केसिंगभोवती फिरणारी रेघ हवी असेल तर ती पार्टिंग लाइनवरच, म्हणजे केसिंगचे दोन भाग जुळतात तिथेच, आणा. खालच्या भागाच्या ओठाला बाहेरून ०.५ ची पायरी ठेवा. दोन भाग मिटले की तिथे आपोआप खाच दिसते, आणि साच्यातला थोडाफार फरक तिच्या सावलीत झाकला जातो. दोन्ही ओठ सपाट भिडवले तर ०.१ ची चूकही बोटाला लागते.

कडांचे ०.०५ ते ०.१ चे फिलेट (गोलाई) फीचर ट्रीमध्ये सगळ्यात शेवटी, मोठे फिलेट मात्र खाचांच्या आधी. प्रिंटसाठी एसटीएल फाइल काढताना डेव्हिएशन (मूळ आकारापासूनचा फरक) ०.०१ ठेवा, नाहीतर इतक्या मेहनतीने काढलेल्या रेघेचे तुकडे प्रिंटवर स्पष्ट दिसतील.