प्लॅटिनमला कोणता आधार: सेरियम ऑक्साइड की टायटॅनियम डायऑक्साइड?

उत्प्रेरक म्हणून वापरले जाणारे प्लॅटिनमचे नॅनोकण या दोन्ही ऑक्साइडांवर बसवता येतात आणि दोन्हीकडे धातू व आधार यांच्यात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. तिचे स्वरूप मात्र वेगळे आहे.

सेरियम ऑक्साइडवर इलेक्ट्रॉन धातूकडून आधाराकडे जातात. त्यामुळे प्लॅटिनम किंचित धनभारित होते, तर चार धनभारांचे काही सेरियम आयन तीन धनभारांवर येतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार, सुमारे 30 ते 70 अणूंच्या कणांत हे स्थानांतर दर अणूमागे सर्वाधिक, म्हणजे साधारण दहा अणूंमागे एक इलेक्ट्रॉन इतके असते. कण त्याहून मोठे झाले की आधाराची इलेक्ट्रॉन सामावून घेण्याची क्षमताच मर्यादा घालते. ते फार लहान असले, तर आधाराच्या पृष्ठभागावरील दोषस्थळी (अणूंची नियमित रचना मोडलेल्या जागी) त्यांची निर्मिती होत असल्याने स्थानांतर काहीसे दबते. आकार आणि भार यांचा इतका स्पष्ट संबंध क्वचितच हाती लागतो.

टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 1978 साली एक्सॉन या तेल कंपनीच्या संशोधकांना आढळले की, हायड्रोजनमध्ये 500 अंश सेल्सिअसला क्षपण (ऑक्साइडमधील काही ऑक्सिजन काढून घेणारी प्रक्रिया) केल्यावर धातूवरील हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडचे अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागाला चिकटणे, जवळजवळ थांबते. क्षपित टायटॅनियमकडून धातूकडे येणारे इलेक्ट्रॉन हे त्याचे एक कारण मानले गेले. पुढे मात्र धातूच्या कणांवर आधारातील ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्यानेही अधिशोषण अडते, हे दिसून आले. म्हणून निव्वळ इलेक्ट्रॉन-स्थानांतर अभ्यासायचे असेल, तर माझ्या मते सेरियम ऑक्साइडच निवडावे. टायटॅनियमच्या बाबतीत इलेक्ट्रॉनांचा आणि आवरणाचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते.